देवदाराखालचा उंदीर

१७ नोव्हेंबर, रविवार

आज ठरवलं. बर्फ मी करणार.

बर्फ मी जन्मात पाहिला तो फक्त राजापेठेतल्या रसवंतीत, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. पण ह्यांचा ट्रक मे महिन्यापासून टेबलावर कोऱ्या पाटावर उभा आहे आणि त्याच्याकडे बघून बघून माझं डोकं फिरायची वेळ आली आहे.

हे म्हणजे आमच्या घरचे. फौजेत ट्रक चालवला, अर्धी नोकरी काश्मिरात काढली. पेन्शनीत आल्यावर प्लास्टिकचे फौजी ट्रक आणि रणगाडे जोडायचा नाद लागला. बोटाएवढा सैनिक, तळहाताएवढा रणगाडा. मी त्याला भातुकली म्हणायचे. शेवटचा ट्रक मात्र देखणा झाला, ते स्वतः चालवायचे अगदी तस्सा. त्याच्याभोवती बर्फातलं देवदाराचं जंगल करायचं होतं. पाट कापून आणला आणि त्याच आठवड्यात लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. पाय सुधारला, काठी घेऊन चालतात. हाताचं डॉक्टर म्हणाले, आता फार आशा धरू नका. बोलण्यातला एकच शब्द उरला, ‘हट’. चहा पाहिजे तरी हट, नको असला तरी हट.

चालता येतं, पण तेव्हापासून उंबरा ओलांडला नाही. त्या खुर्चीत बसतात आणि उजवा हात मांडीवर ठेवतात, दुसऱ्याचा सांभाळायला आणल्यासारखा.

आज अकोल्याहून ह्यांच्या मित्राचा, ललितभाऊंचा फोन आला. तिकडे ह्याच नादाची माणसं आहेत, जानेवारीत प्रदर्शन भरवतात, बक्षिसं देतात. म्हणाले, “वहिनी, संघपालभाऊची जागा म्या ठेवून देली. ट्रक आणा, अन् त्याइलेबी आणा.”

फोन ठेवला आणि ह्यांना म्हटलं, “जंगल मी करते. मंग अकोल्याले चालसान ना?” ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. हट.

लिहून ठेवते, म्हणजे माघार घेता येणार नाही. जंगल झालं तर हे घराबाहेर पडतील, असं माझं मन म्हणतं. नाही पडले तर जन्म त्या खुर्चीत जाईल. मला त्या खुर्चीची भीती वाटते.

२० नोव्हेंबर

कापूस पिंजून लावला. आपल्या मुलखात कापसाला काय तोटा. हट. लांब जाऊन पाहिलं तर खरंच, जिनिंगच्या आवारात ट्रक उभा केल्यासारखं दिसत होतं. मग मैदा डिंकात कालवला, तर शंकरपाळ्यांचं पीठ झालं. मोबाईलवर एक गोरा माणूस करून दाखवतो, पण त्याला बर्फाची डबी विकत मिळते. इथल्या दुकानात विचारलं तर म्हणतो, फ्रिजमध्ये पाहा ना काकू. दात काढून राहिला होता वरून.

२८ नोव्हेंबर

झाडं जमली!

सुतळीचे तुकडे दोन तारांच्या मधात आडवे ठेवायचे आणि तार पिळायची, की बाटली धुवायचा ब्रश होतो. तो वरून निमुळता कातरला की झाला देवदार. हातानं पिळून पिळून बोटं सोलली. मग माझ्या शिलाईच्या दुकानात सुचलं की मशीनवर बॉबिन भरायचं चाक काय कामाचं आहे? तारेचं एक टोक त्या खुंटीला अडकवलं, दुसरं पकडीत धरलं आणि पायडल मारलं. गर्रकन झाड. एक बाई साडीला फॉल लावायला आली होती, ती म्हणते, “काय वं हे?” म्हटलं, “देवदार होय. तुमची साडी उद्या.”

आधी हिरवागार रंग दिला होता. हिवाळा म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर अंजनगावची संत्र्याची बाग येते. आपल्याकडे हिवाळ्यात झाड कसं तुकतुकीत असतं. ह्यांनी हट केलं आणि काठीनं खुंटीवरची काळी छत्री दाखवली. म्हणजे काळपट पाहिजे. पुन्हा सगळे रंगवले. कुत्रं हाकलल्यासारखं हट हट करतात, पण चूक बरोबर सापडते त्यांना.

६ डिसेंबर

इर्विन चौकात जाऊन आले. दरवर्षी जोडीनं जातो. ह्यांचा पांढरा सदरा काल इस्त्री करून पलंगावर ठेवला होता. तो तिथेच राहिला. मी एकटीनं पुतळ्यापाशी मेणबत्ती लावली, वंदन केलं. जो तो विचारत होता, संघपालभाऊ कसे आहेत. बरे आहेत, बरे आहेत म्हणून म्हणून तोंड दुखलं. घरी येऊन सदरा कपाटात ठेवला आणि मोरीत जाऊन रडले.

दुकानात गेलं की मला बरं वाटतं आणि घरी येताना पाय जड होतात. हे दुसऱ्या कोणाजवळ बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

१५ डिसेंबर, रविवार

पांढरी रांगोळी. इतके दिवस सुचलं नाही, आणि रोज दारात काढते मी!

थर्माकोलचा चढ केला, वरून प्लास्टर, त्याला मातीचा रंग. त्यावर पातळ डिंक मारला आणि नेटच्या कापडातून रांगोळी चाळली. दगडाची भुकटी ती, उजेडात चमकते. हे काठी टेकत आपणहून टेबलाजवळ आले आणि खुर्ची ओढून बसले. मी बघितलंच नाही असं दाखवलं. फांदीला खालून रांगोळी फुंकत होते, तर हट. वरून, फक्त वरून. बर्फ वरून पडतो एवढी अक्कल मला यायला पाहिजे होती.

मग मी हौसेनं झाडाच्या बुंध्यापर्यंत बर्फ चोपून लावला, अंगण सारवावं तसा, कुठे बोटभर जागा उघडी ठेवली नाही. ह्यांचं पुन्हा सुरू झालं. काठीनं झाडाखाली दाखवायचे आणि हट म्हणायचे. म्हटलं, “आता काय राह्यलं बाप्पा? इतका तर लावला.” डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग उठून आत गेले.

देवदाराची एक गोष्ट त्यांनी लग्नाच्या नव्यात सांगितली होती. ट्रक बर्फात अडकला, हे आणि त्यांचा जोडीदार अब्दुल रहीम एका देवदाराखाली जाऊन बसले आणि स्टोव्हवर काळ्या केटलीत चहा केला. तसा चहा पुन्हा प्यालो नाही, म्हणायचे. माझ्या लक्षात तेवढा चहा राहिला, आणि थोडा रागही, की माझ्या हातच्या चहाला काय झालं आहे.

१८ डिसेंबर

घरात उंदीर शिरला.

दुकानातून येऊन पाहते तर एका देवदाराखाली बुंध्याभोवतीची रांगोळी उकरलेली, खालची माती उघडी. ह्यांना विचारलं, “उंदीर दिसला काहो?” तर डोळे मिटून घेतले. बसल्याजागी एक उंदीर हाकलता येत नाही का माणसाला? मी जागा भरून काढली.

शेजारच्या मनकर्णाबाईला सांगितलं तर म्हणते, “लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. तू डोंगर बांधून उंदीर आणला.”

१९ डिसेंबर

आज तीन झाडं. भरली.

२३ डिसेंबर

मनकर्णाबाईचा पिंजरा आणून लावला, आत कांद्याचं भजं. संध्याकाळी येऊन पाहते तर भजं गायब, पिंजरा उघडाच, आणि ज्या झाडांखाली भरून काढलं होतं तीच झाडं पुन्हा उकरलेली. ह्यांना तेलकट मना आहे आणि ते स्वतः पथ्याचे पक्के, नाहीतर भज्याचा संशय मी त्यांच्यावरच घेतला असता.

सकाळी अकराला तहरीम येते, ह्यांचा व्यायाम घ्यायला. ती आली की मी दुकानात निघते. गुणाची पोरगी, पण थट्टेखोर. तिला म्हटलं, “तू असते ना दुपारपर्यंत, तुले नाई दिसला उंदीर?” ती म्हणाली, “काकी, उसको मारना मत. मेहनती उंदीर आहे तो.” आणि ह्यांच्याकडे बघून हसली. हे छताकडे बघत होते. माझ्या मेहनतीचं वाटोळं होऊन राहिलं आणि हिला हसू येतं.

२९ डिसेंबर, रविवार

काल उंदीर पकडायचा चिकट पुठ्ठा आणून जंगलाला खेटून ठेवला होता. दुकानातून आले तर पुठ्ठा टेबलाखाली, नीट घडी घातलेला. ह्यांच्या उजव्या बाहीला आणि बोटांना तो डिंक. निर्जीव हात कुठेही लोळतो, लागला असेल. खोबरेल तेल लावून एकेक बोट पुसून काढलं. बोटं गरम होती. आधी थंड असायची. थंडी कमी झाली असावी.

मी चिडले होते, पण पुसता पुसता वाटलं की किती दिवसांत ह्यांचा हात असा हातात घेतला नव्हता.

३ जानेवारी

आता लेंड्याही टाकायला लागला. मोठ्या देवदाराखाली, बरोबर उकरलेल्या मातीवर एक काळी लेंडी. कागदात धरून कचऱ्यात टाकली. ह्यांनी एवढ्या जोरानं हट केलं की मी दचकले. म्हटलं, “मंग काय देव्हाऱ्यात ठेवू?”

५ जानेवारी

पुन्हा लेंडी, त्याच जागी. जागा पक्की केली आहे मेल्यानं. तीही टाकली. हे जेवले नाहीत.

७ जानेवारी

तिसरी लेंडी मातीला घट्ट चिकटली आहे, खरडून निघत नाही. चष्मा दुकानात राहिला म्हणून फार खटपट केली नाही. राहू दे, फांदीखाली कोणाला दिसते.

१० जानेवारी

आज भांडण झालं.

प्रदर्शन तोंडावर आलं आणि माझ्या निम्म्या झाडांखाली भोकं. बर्फाचं जंगल म्हणून न्यायचं आणि खाली माती दाखवायची? लोक म्हणतील, बाईला बर्फ पुरला नाही. ठरवलं की रांगोळीचा नाद सोडायचा आणि झाडांखाली पांढरं प्लास्टरच ओतायचं. उंदराचा बाप आला तरी उकरता येणार नाही. वाटीत प्लास्टर कालवलं. हे शेजारी चहा पीत बसले होते. मी वाटी तिरपी केली तोच ह्यांनी माझं मनगट धरलं. असं धरलं की बांगडी रुतली. “हट,” म्हणाले, माझ्या डोळ्यांत बघून. डाव्या हातातला चहाचा कप तसाच, थेंब सांडला नाही.

मला इतका राग आला की काही सुचेना. म्हटलं, “दोन महिने म्या मरमर केली ते कोणासाठी? माह्यासाठी? मले काय करायचं हाय ट्रकचं? तुमी खुर्चीतून उठावं म्हणून करून राहिली ना मी हे.”

बोलायचं नव्हतं ते बोलले. त्यांचा हात सुटला. वाटीतलं प्लास्टर वाटीतच दगड झालं. वाटी गेली.

भोकं तशीच आहेत. आता जे होईल ते होवो.

१८ जानेवारी, शनिवार

उद्या अकोला. मनकर्णाबाईच्या भाच्याची, पिंटूची, गाडी ठरवली. पांढरा सदरा पुन्हा काढून पलंगावर ठेवला. “चालता ना?” विचारलं. हटसुद्धा केलं नाही. मी विचार करून ठेवला आहे की एकटीच जाईन, मांडून येईन. जंगल झालं, आपण आपलं केलं. पण खरं लिहायचं तर ट्रक नेऊन मला काय करायचं आहे? मला माणूस न्यायचा होता.

२० जानेवारी, सोमवार

कालचं सगळं लिहायचं आहे, हात थांबत नाही.

सकाळी जंगल चादरीत गुंडाळून बाहेरच्या खोलीत आले तर हे दाराजवळ बसलेले. पांढरा सदरा घातलेला. एक गुंडी चुकली होती. पायांत बूट, नाड्या बांधलेल्या. तहरीम रविवारी येत नाही, मग नाड्या कोणी बांधल्या? पण विचारायला वेळ नव्हता, पिंटू हॉर्न वाजवत होता आणि मला भीती की हे पुन्हा बसतील. उठले. काठी टेकली. उंबऱ्यापाशी थांबले. मग ओलांडला. मी जंगल घेऊन मागे, त्यामुळे डोळे पुसता आले नाहीत.

मूर्तिजापूरपर्यंत मी प्रत्येक खड्ड्याला पिंटूला शिव्या दिल्या. एक देवदार तेवढा कलंडला, तो पोहोचल्यावर चिकटवला.

हॉल भरला होता. रणगाडे, विमानं, वाळवंट, पूल, आणि बर्फाची चार जंगलं आणखी. काय सुरेख होती ती. पांढरीशुभ्र, एक डाग नाही. ललितभाऊंनी ह्यांना मिठी मारली, खुर्ची दिली. लोक भेटायला येत होते आणि ह्यांनी उजवा हात रुमालाखाली झाकला होता. मला वाटलं, कशाला आणलं मी ह्यांना इथे.

परीक्षक नागपूरचे, फौजेतूनच निवृत्त झालेले, उंच. भिंग घेऊन टेबल टेबल बघत आले. आमच्यापाशी थांबले ते हलेचनात. वाकले. खाली बसून बघितलं. मग मला विचारलं, “बाई, तुम्ही बर्फ पाहिला आहे का?”

“रसवंतीतला,” मी म्हटलं.

ते हसले नाहीत. म्हणाले, “मग हे कसं केलं? दाट देवदाराखाली बर्फ फार पोचत नाही. फांद्या झेलून घेतात. बुंध्याशी जमीन कोरडी राहते. आम्ही थंडीत तिथेच आसरा घ्यायचो. इथं पाच बर्फाची जंगलं आहेत, त्यात हे फक्त तुमच्यात आहे.” मग भिंग मोठ्या देवदाराखाली नेलं आणि त्यांचा आवाज बदलला. “आणि ही केटली. चहाची केटली आहे ही.”

मी भिंग घेतलं. काळी लेंडी. तिला तारेचा कान होता. तोटी होती.

दोन केटल्या मी कागदात धरून कचऱ्यात टाकल्या होत्या.

“हे कोणी केलं?” परीक्षकांनी विचारलं.

माझं डोकं बंद पडलं होतं. जे महिनाभर म्हणत आले तेच तोंडातून गेलं. म्हटलं, “उंदरानं.”

सगळे हसले. आणि मागे काठी पडल्याचा आवाज आला. वळले तर हे उभे होते. रुमाल खाली पडला होता आणि उजवा हात वर येत होता. थरथरत, हळू, कमरेपासून छातीपर्यंत. बोट स्वतःच्या छातीवर टेकलं.

“मी,” म्हणाले.

ते ओठ जुळवत राहिले, घामानं कपाळ भिजलं.

“मी... उंदीर.”

मी रडायला पाहिजे होतं. मी भांडले. अख्ख्या हॉलसमोर. “अन् म्या पिंजरा लावला, चिकट पुठ्ठा लावला, बोट अडकलं असतं म्हंजे? अन् ते भजं? तेलकट खाल्लं ना तुमी?” ते वाकड्या तोंडानं हसत होते आणि हात छातीवरून खाली घेत नव्हते. मग मी तो हात धरला आणि तिथेच सगळ्यांच्या पुढ्यात ओक्साबोक्शी रडले. मला लाज वाटली नाही.

पहिलं बक्षीस आमचं. ढाल द्यायला परीक्षक ह्यांच्यासमोर आले आणि ह्यांनी डावा हात मागे ठेवून उजवा पुढे केला. ढाल जड होती, हात खाली जायला लागला. मी खालून आधार द्यायला गेले.

“हट,” म्हणाले.

घेतली त्यांनी. एकट्यानं. टाळ्या वाजत होत्या आणि परीक्षकांनी त्यांना सॅल्यूट केला. येताना गाडीत ढाल मांडीवर आणि उजवा हात तिच्यावर. मला मनगट आठवलं, बाही आठवली, नाड्या आठवल्या. एवढी घारीसारखी डोळे उघडे ठेवून फिरणारी बाई मी, आणि घरात काय चाललंय ते दिसलं नाही. दिसायला नको म्हणूनच ते करत असतील. हात नीट चालल्याशिवाय दाखवायचा नव्हता त्यांना. आधी आशा दाखवायची आणि मग जमलं नाही तर माझं तोंड कसं होईल, ते त्यांना माहीत आहे.

आज सकाळी तहरीम आली. मी कमरेवर हात ठेवून उभीच होते. म्हटलं, “तुले सगळं मालूम होतं.” ती म्हणाली, “काकी, काकांनी इशाऱ्यानं कसम घातली होती. मैं क्या करती?” उंदराला मांजर साक्ष, म्हटलं आणि तिला खीर खायला घातली. दोन वाट्या.

२३ जानेवारी

मनकर्णाबाईचा पिंजरा परत द्यायचा राहिला होता. मी द्यायला निघाले तर ह्यांनी हातातून काढून घेतला. डाव्या हातात काठी, उजव्या हातात पिंजरा. दारातून बाहेर पडले आणि एकटे शेजारी गेले. मी मागे गेले नाही, पडद्याआड उभी राहिले.

मनकर्णाबाईच्या कानावर अकोल्याचं काही गेलं नाही बहुतेक. पिंजरा घेऊन तिनं विचारलं, “सापडला का मंग उंदीर?”

“हट,” म्हणाले.